भिंतीवरच्या दोन मॅडम

तापीकाठच्या लोधीपुऱ्यात महाजनांच्या घरी दूध घालणारा गोटू म्हणजे चांगला मिशीवाला गडी, दोन पोरांचा बाप. पण महाजनांच्या दारात आला की किटली खाली ठेवतो आणि दोन्ही हात पाठीमागे लपवतो. आतून सून आली तर ती दूध नंतर बघते, नखं आधी बघते. सासू आली तर बरं. सासू नुसतं दुधात पाणी किती ते बघते, आणि त्याची गोटूला सवय आहे.

तर ही सून म्हणजे आपली रंजिता. मोतीलाल शेठच्या नर्सिंग कॉलेजातली ट्यूटर. अंगानं शिडशिडीत, चालणं असं की मागून कुणी स्ट्रेचर ढकलत आणतंय, आणि बोलणं चालण्याहून जोरात. साबणाचं तर तिला वेडच. पाहुणा आला की लोक आधी पाणी देतात, ही आधी बेसिन दाखवते. तिच्या नवऱ्याचं, निरंजनचं, डोकं दुखलं आणि गोळी पाहिजे असली, तर बायकोसमोर उभं राहून त्याला आपलं नाव सांगावं लागतं. चेष्टा नाही. पेशंटनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगितल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हा तिचा नियम, आणि नियम घरी-दारी एकच. निरंजन बिचारा केळीच्या बागेतून उन्हातनं आलेला, कपाळ धरून म्हणतो, निरंजन गजानन महाजन. मग गोळी तोंडात पडते.

वर्गात हा धडा ती करून दाखवते. स्वतः टेबलावर आडवी होते, पदर ओढून घेते आणि बहिरी म्हातारी बनते. एका पोरीला सांगते, विचार मला. पोरगी विचारते, तुम्ही कमलाबाई ना? ही मान हलवते, हो. दुसरी विचारते, तुम्ही लक्ष्मीबाई ना? हो. तिसरी आगाऊ असते, ती विचारते, तुम्ही तुकाराम ना? हो, हो. सगळा वर्ग हसून लोळतो. मग रंजिता टेबलावरून उडी मारते आणि म्हणते, "बघितलं? म्हातारं माणूस दवाखान्यात आलं की घाबरतं. कशालाही हो म्हणतं. म्हणून आपण नाव सांगायचं नाही, विचारायचं. आणि नुसत्या नावावर भागत नाही, पूर्ण नाव." एकदा पोरी हसल्या की विसरत नाहीत, हे तिला बरोबर ठाऊक आहे.

कॉलेज ज्यांचं, त्या शेठचा मूळ धंदा केळीचा. गाड्या भरायच्या आणि वर दिल्लीकडे पाठवायच्या. गावातल्या पोरींना नर्सिंग शिकायला खंडव्याला नाहीतर इंदूरला जावं लागतं हे बघून त्यांनी पुतण्याच्या दवाखान्यावर दोन मजले चढवले आणि कॉलेज काढलं. मनानं वाईट नाही माणूस. फक्त त्यांना सगळं जग केळीच्या भाषेत समजतं. पहिल्या वर्षाच्या पोरी म्हणजे कच्चा माल. शेवटच्या वर्षाच्या पोरी म्हणजे झाडावरून उतरवायला आलेले घड. याचा एक फायदा मात्र झाला. इंजेक्शन शिकायला रबराचे दंड मागवले होते, ते काही केल्या येईनात. रंजितानं शेठकडून हिरवी केळी मागून घेतली. कच्च्या केळ्याची साल टणक, सुई आत शिरली की हाताला कळतं, आणि केळं ओरडत नाही. शिपायानं एकदा त्यातलं एक पिकलेलं बघून खाल्लं, आणि मग दिवसभर ज्याला त्याला विचारत हिंडला की आता मला काही होईल का.

आता रंजिताच्या नावाची भानगड ऐका, म्हणजे पुढचं समजेल.

रंजिता मूळची नेपानगरची. वडील भगवान झांबरे यावलकडून पेपर मिलच्या नोकरीला आले आणि तिथल्या क्वार्टरमध्येच जुने झाले. पोरगी शिकली, परीक्षा पास झाली, आणि भोपाळच्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात तिचं नाव चढलं: रंजिता भगवान झांबरे, पुढे तिचा नंबर. हे नाव चढलं म्हणजे नर्स. नाही चढलं तर पांढरे कपडे घातलेली कुणीही बाई. भगवानरावांनी त्या दिवशी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत पेढे वाटले, आणि ज्यांना शुगर आहे त्यांनाही खायला लावले, आता घरात नर्स आहे म्हणून.

मग लग्न झालं आणि ती लोधीपुऱ्यात महाजनांकडे आली. आपल्याकडची रीत: ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. नाव सासूबाईंनी, मथुराबाईंनी, ठरवून ठेवलेलं. ज्योत्स्ना. का म्हणून ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गंमत अशी की मथुराबाईंना ते म्हणता येत नाही, त्या जोसना म्हणतात. आणि निरंजनला ते लिहिता येत नाही. त्यानं ताटात अंगठी फिरवली, त आणि स एकमेकांवर चढले, न ताटाबाहेर सांडला. भटजींनी वाकून बघितलं, काही कळलं नाही, पण झालं झालं म्हणून पुढचं सुरू केलं. असं ते नाव कुणाला न वाचता येताच पास झालं.

तेव्हापासून घरी जोसना, कॉलेजात आणि माहेरी रंजिता. दोन्हीकडून हाक आली की ती ओ देते. राजघाटावर एखादी आत्या भेटली की आधी तिला आठवावं लागतं, ही आत्या कुठल्या नावाची.

हे असं सुखात चाललं होतं. मग खबर आली, कौन्सिलचे लोक तपासणीला येणार.

आजकाल कौन्सिल कडक झालंय. जितक्या पोरी तितक्या हिशेबानं शिकवणारे पाहिजेत, ते रजिस्टर्ड पाहिजेत, आणि खरे, श्वास घेणारे पाहिजेत. मागच्या तपासणीत शेठला ताकीद मिळाली होती की शिकवणारे कमी आहेत. या खेपेलाही कमी भरले तर मान्यता थांबणार, आणि मान्यता थांबली की शेवटच्या वर्षाच्या पोरींना परीक्षेला बसता येणार नाही. त्यांची परीक्षा एकदा आधीच पुढे गेलेली. त्यात मोनाली होती, जैनाबादच्या सुपडूची पोरगी. बाप रोज तिला मोटरसायकलवर तापीच्या पुलावरून आणून सोडायचा. पोरीची जीभ अशी तिखट की शेठसुद्धा तिला बघून जिना बदलायचे. पण गेल्या काही दिवसांपासून ती गप्प होती. घरी स्थळं बघायला लागले होते. परीक्षा होत नसेल तर कशाला बसवून ठेवायचं, असं सुपडूचं म्हणणं.

तपासणीच्या आदल्या दिवशी रंजिता जिना चढून वर आली आणि भिंतीसमोर थांबली. क्लार्क ललितनं सगळ्या शिकवणाऱ्यांचे फोटो चौकटीत घालून टांगले होते. वरच्या ओळीत रंजिता झांबरे. पोनीटेल, कपाळ मोकळं, नोकरीला लागली तेव्हाचा फोटो. खालच्या ओळीत श्रीमती ज्योत्स्ना महाजन. डोक्यावर पदर, ठसठशीत टिकली, कानाशी मुंडावळ्यांचं टोक दिसतंय, लग्नाच्या आल्बममधून कापलेला.

आधी ती इतकी हसली की वर्गातून पोरी बाहेर आल्या. मग ललितला बोलावलं. ललित खंडव्याकडचा, साधा पोरगा. रंजिता लग्नाची सुट्टी संपवून परत आली, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्याचं म्हणणं असं, की शेठनी सांगितलं, महाजनांची सून ज्योत्स्ना जॉईन होतेय, चढवून घे, तर त्यानं चढवून घेतली. जुनी रंजिता उतरव, असं त्याला कुणी म्हणालंच नाही. त्याला वाटलं ती मॅडम लांब सुट्टीवर असतील.

"आणि मी रोज तुझ्यासमोर बसते ती कोण?" रंजितानं विचारलं.

"मैडम," ललित म्हणाला. तो सगळ्यांना मॅडमच म्हणतो, त्यामुळे त्याला नावाची गरज कधी पडलीच नव्हती.

रंजिता हसतच शेठकडे गेली की हे बघा तुमच्या ललितनं काय केलंय. शेठ हसले नाहीत. त्यांनी दार लोटून घेतलं आणि तिला बसायला सांगितलं, तेव्हाच तिला कळायला पाहिजे होतं.

"बेटा, मी बघितलं सगळं. दोन्ही धरल्या तर बरोबर भरतात. एक उतरवली की गाडी परत."

"पण शेठ, ती मी आहे."

"दोन्ही तूच ना? मग यात झूठ काय आहे? मी लग्नात होतो. माझ्यासमोर नाव ठेवलं."

आणि खरं सांगायचं तर रंजितालाही ते खोटं म्हणता येईना. नाव तर ठेवलंच होतं. तांदूळ सांडले होते ते तिनं स्वतः वेचले होते. शेठनी मग सगळं केळीच्या गाडीसारखं लावून दिलं. सकाळी वरच्या मजल्यावर ॲप्रन घालून, केस बांधून, रंजिता. दुपारी खाली वॉर्डात साडी, पदर, टिकली आणि चष्मा लावून ज्योत्स्ना. येणारे दोघं आहेत, एक साहेब आणि एक मॅडम, एक वर असतील तेव्हा दुसऱ्या खाली. वरची यादी वेगळी, खालची वेगळी, दोघींपुढे नंबर एकच आहे याचा कुणाला पत्ता लागायचा नाही.

पत्ता लागला तर काय, हे शेठनी सांगितलं नाही, पण रंजिताला माहीत होतं. भोपाळच्या रजिस्टरातून तिचा नंबर कापला जाईल, आणि मग ती पांढरे कपडे घातलेली कुणीही बाई. आणि नाही म्हटलं तर मोनालीसकट सगळ्या पोरी घरी.

घरी तिनं हे सांगितलं तर धीर द्यायचं राहिलं बाजूला, निरंजनला गंमतच वाटली. एका जेवणात दोन बायका पोसतो म्हणाला. मथुराबाईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि भलताच मुद्दा काढला.

"पण माही जोसना खालच्या लाइनीत काहून व? अन् तुह्या माहेरची वरच्या लाइनीत?"

रंजितानं समजावलं, आई, वरची आधी लागली म्हणून वर. मथुराबाईंना पटलं नाही. सासरी आल्यावर सासरचं नाव वर पाहिजे, हे शेठला कळत नाही का, आपणच जाऊन सांगू, असं त्या म्हणायला लागल्या. त्यांना आवरता आवरता रंजिताचं नाही म्हणायचं राहूनच गेलं. पोरींसाठी करतेय, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि कपाटातून साडी काढून ठेवली. चष्मा तिला नव्हता. मथुराबाईंचा जुना, काडीला दोरा बांधलेला, तोच पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि मॅडम आले. साहेब ढेरपोटे, घामाघूम. ते आधी वर गेले. मॅडमचं नाव रश्मी; आखूड केस, पायात सपाट चपला, कमी बोलणाऱ्या. त्या थेट लायब्ररीत शिरल्या. वर साहेबांनी पोरींना केळ्यांना सुया टोचताना बघितलं, आणि नेमक्या त्याच वेळी शेठनी मोठ्या प्रेमानं त्यांच्यापुढे केळ्यांची बशी धरली. साहेबांनी बशीकडे बघितलं, पोरींकडे बघितलं, आणि पोट भरलंय म्हणाले. मग यादीवर बोट ठेवून विचारलं, "आप रंजिता झांबरे?"

"जी सर."

त्यांनी बरोबरची खूण केली आणि पुढे गेले. एवढंच. रंजिता तिथेच उभी राहिली. तुम्ही कमलाबाई ना? हो. साहेबांनी अगदी तसंच विचारलं होतं, जसं विचारायचं नाही म्हणून ती टेबलावर आडवी पडून शिकवते. तिला मनातल्या मनात साहेबांना पहिल्या वर्षात बसवावंसं वाटलं.

दुपारी ती बाथरूममध्ये ज्योत्स्ना झाली. साडी, पदर, टिकली, आणि शेवटी सासूचा चष्मा. चष्मा लावल्याबरोबर भिंत जवळ आली आणि जमीन लांब गेली. वॉर्डात शिरताना स्ट्रेचरला गुडघा आपटला. पोरी म्हणजे नुसते पांढरे ढग दिसत होते. आणि त्या ढगांतून एका खाटेवरून ओळखीचा आवाज आला, "जोसना, पदर नीट घे व."

मथुराबाई. खाटेवर, पांढऱ्या चादरीत, पाय लांब करून. गुडघे दुखतात म्हणून सकाळीच येऊन भरती झाल्या होत्या. गुडघे त्यांचे रोजच दुखतात. पण आज सुनेची तपासणी आहे तर घरचं माणूस पाहिजे, म्हणून ते जरा जास्त दुखले.

एवढ्यात रश्मी मॅडम आल्या. त्यांनी वॉर्डावर नजर फिरवली, पोरींमधून नेमकी मोनालीला पुढे बोलावलं, आणि सांगितलं की या आजींना औषध द्यायचंय, कसं देणार ते करून दाखव.

मोनालीनं हात धुतले. नखांपर्यंत, मनगटापर्यंत. खाटेजवळ गेली, आजींचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"मथुराबाई."

"पूर्ण नाव, आजी."

मथुराबाई छताच्या पंख्याकडे बघायला लागल्या. पूर्ण नाव म्हणजे मध्ये नवऱ्याचं नाव, आणि ते त्यांनी जन्मात कधी असं रस्त्यावर सांडल्यासारखं घेतलेलं नाही. मोनालीनं हात सोडला नाही, पुन्हा विचारलं. गजाननराव म्हणून सांगून टाकायला तिला काय होतं, सगळ्या लोधीपुऱ्याला माहीत आहे. पण नाव आपण सांगायचं नाही, विचारायचं. मथुराबाईंनी सगळ्या वॉर्डाकडे एकदा बघितलं, पदर सावरला, आणि म्हणाल्या:

"केळीच्या पानावर तुपाचा भात, गजाननरावांचं नाव घेते, सोड पोरी हात."

शेजारच्या खाटेवरचा ताप आलेला माणूससुद्धा हसला. रश्मी मॅडमना काही कळेना. मोनालीनं हिंदीत समजावलं की आजींनी आपलं पूर्ण नाव सांगितलंय, मथुराबाई गजानन महाजन, फक्त आमच्याकडे ते असं येतं. रश्मी मॅडमच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी विचारलं की हे इतकं पक्कं कुणी शिकवलं. मोनालीनं पदरातल्या, चष्म्यातल्या मॅडमकडे बोट केलं.

रश्मी मॅडम वळल्या. हातात यादी होती, पण त्यांनी यादीकडे बघितलं नाही.

"बहुत अच्छा सिखाया है. अब आप अपना पूरा नाम बताइए."

बघा आता. त्यांनी जर विचारलं असतं, आप ज्योत्स्ना महाजन, तर रंजिता जी म्हणून मोकळी झाली असती. पण या बाईनं बरोबर विचारलं. जसं शिकवलं होतं तसं. आणि समोर ते सगळे पांढरे ढग उभे होते. रंजितानं चष्मा काढला. ढगांच्या पोरी झाल्या, आणि सगळ्यात पुढे मोनाली, औषधाची वाटी हातात धरून, मॅडम काय सांगतात त्याची वाट बघत.

"रंजिता भगवान झांबरे," ती म्हणाली. "लग्नानंतर ज्योत्स्ना निरंजन महाजन. सकाळी वर सरांनी बघितली ती पण मीच. आम्ही दोघी नाही, मॅडम. एकच आहे."

दाराशी उभे असलेले शेठ होते तिथेच खुर्चीवर बसले. खुर्ची नव्हती, कचऱ्याचा लाल डबा होता, पण त्यांना तेव्हा ते कळलं नाही.

रश्मी मॅडमनी विचारलं, एका बाईची दोन नावं कशी. रंजितानं सासूकडे बघितलं. तेव्हा खाटेवरून मथुराबाईंनी सूत्रं हातात घेतली आणि आपल्या हिंदीत सांगायला सुरुवात केली, की शादी में थाली में चावल बिछाते, उसमें अंगूठी से नाम लिखते, ये मैंनेच रखा, जोसना. लड़के से लिखा नहीं गया, वो अलग बात.

"मतलब सरनेम नहीं, पूरा नाम ही बदल देते हैं?"

"हां. पूरा नया."

"तो फिर पुरानी वाली कहां जाती है?" रश्मी मॅडमनी विचारलं. टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मथुराबाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं. 

रश्मी मॅडमनी दोन्ही फोटो भिंतीपाशी जाऊन बघून घेतले, ललितला विचारलं, शेठला विचारलं, आणि जे होतं ते लिहिलं. एक शिकवणारी कमी. महिन्याच्या आत खरी, रजिस्टर्ड व्यक्ती आणली तर परीक्षेची परवानगी, नाहीतर नाही. शेठला चांगलं कडक पत्र येणार. आणि रंजितानं भोपाळला येऊन कौन्सिलपुढे खुलासा करायचा. तिच्या नंबराचं काय करायचं ते तिथे ठरेल. जाताना त्या मोनालीजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, औषध राहिलं की आजींचं. मोनालीनं दिलं. मथुराबाईंनी मुकाट्यानं घेतलं.

पोरी रंजितावर रागावतील असं तिला वाटलं होतं. काही रागावल्याही. दोघींनी तर तोंडावर म्हटलं, मॅडम, एक दिवस तरी दोन झाला असता. मोनाली त्यांना म्हणाली, "उद्या तुझ्या पेशंटला मी दुसऱ्याचं इंजेक्शन देते, एक दिवस तरी, चालेल?" तिची जीभ परत आली म्हणून रंजिताला इतकं बरं वाटलं, की ती जिन्यात जाऊन रडली.

शेठ दोन दिवस रुसले. पण धंद्याचा माणूस रुसून किती दिवस बसणार? तिसऱ्या दिवशी गाड्यांसाठी लावतात तसे फोन लावायला बसले. माल रजिस्टर्ड पाहिजे, नाव एकच पाहिजे, असं प्रत्येकाला सांगत होते. माणूस शेवटी भगवानरावांनीच शोधला, मिलच्या लाइनीतलाच. प्रवीण, इंदूरच्या एका दवाखान्यात नर्स होता आणि आईवडील थकले म्हणून परत यायचं बघत होता. उंचापुरा, दाढीवाला. शेठनी त्याला आधी विचारलं, लग्न झालंय का, नाव तर बदललं नाही ना. तो आला, त्याचं रजिस्ट्रेशन भोपाळहून तपासून झालं, आणि महिना संपायच्या आत परवानगीचं पत्र आलं. मोनाली परीक्षेला बसली. सुपडूनं स्थळवाल्यांना सांगितलं, आता पोरीच्या ड्युटीचं बघून या. मथुराबाई दर आठवड्याला गुडघे दाखवायला जातात तेव्हा प्रवीणला सिस्टर म्हणूनच हाक मारतात. नर्स म्हणजे सिस्टर, दाढी असली म्हणून काय झालं. तो ओ देतो.

भोपाळला रंजिता निरंजनला घेऊन गेली. लग्नाची पत्रिका दाखवली, फोटो दाखवला, चूक कशी झाली आणि नंतर ती मुद्दाम कशी चालू ठेवली, तेही सांगितलं. तिथल्या लोकांनी तिला चांगलं सुनावलं. नंबर कापला नाही, पण सांगितलं की रजिस्टरात एकच नाव राहील, कुठलं ते आत्ता ठरवा, बदलायचं असेल तर रीतसर बदलून देतो. निरंजननं तिच्याकडे बघितलं. एकदा तिचं नाव लिहिताना तांदूळ सांडले होते, आता तो मध्ये पडला नाही. तिनं लिहिलं, रंजिता.

परतीच्या गाडीत तिला एकच घोर होता, घरी कसं सांगायचं. आल्या आल्या सांगून टाकलं, सासूचे पाय चेपता चेपता. मथुराबाईंनी पाय आखडून घेतले आणि कूस बदलली. दुसऱ्या दिवशी गोटूच्या दुधात किती पाणी आहे तेसुद्धा बघितलं नाही, गोटूच घाबरला. मग एका संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडताना आपणच बोलायला लागल्या.

निरंजनच्या जन्माच्या वेळेला त्यांचं फार अडलं होतं. जुन्या दवाखान्यात एक नर्स होती, ज्योत्स्ना सिस्टर. ती शेजारून हलली नाही, तिनंच दोघांना वाचवलं. पुढे बदली होऊन गेली. घरात नर्स सून येणार म्हटल्यावर दुसरं नाव मथुराबाईंच्या मनात आलंच नाही.

"म्हणून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तिचंही लगीन झालेलं होतं. मंगळसूत्र होतं गळ्यात. म्हणजे तीबी माहेरची कोनी दुसरीच असंल. मी कधी विचारलंच नही."

रंजितानं भेंडी बाजूला ठेवली. पण मथुराबाईंनी तिला काही बोलू दिलं नाही, भेंडी सुकेल म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजात गेल्या. ललितला भिंतीवरून ज्योत्स्नाचा फोटो काढायला लावला, तसाही तो काढायचाच होता, आणि चौकटीसकट पदराखाली घालून घरी आणला. आता तो पुढच्या खोलीत टांगलाय, गजाननरावांच्या फेट्यातल्या फोटोशेजारी. कॉलेजात तिचा आता एकच फोटो आहे, वरच्या ओळीतला, पोनीटेलवाला.

परवा राजघाटाकडची एक आत्या आली. दारातूनच विचारलं, जोसना कुठी गेली? मथुराबाईंनी तिला आधी बेसिनपाशी नेलं, साबण हातात दिला, आणि मग सांगितलं, "जोसना संध्याकाळी येते. आता रंजिताची ड्युटी आहे."